मोगऱ्याचा खुराक

रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली म्हणून मुलगी झाडांची डॉक्टर होत नाही, हे आमच्या गल्लीत सांगून मी थकले. कसबा बावड्यात हा फरक कुणी मानत नाही. कुणाच्या टाकीतलं पाणी पिवळं आलं, कुणाचं दूध नासलं, कुणाचे शाम्पूनं केस गळाले, की हाक येते, "निशिगंधाला बोलवा." त्यामुळे त्या दुपारी कृष्णातमामानं गच्चीवरून "निशेऽऽ" म्हणून हाक मारली तेव्हा मला वाटलं, पुन्हा टाकीच असणार.

टाकी नव्हती. मामा उपड्या बादलीवर बसला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय पुढं लांब केलेला, आणि समोर एक मोठी कुंडी. मामा म्हणजे सहा फूट उंच, कुस्तीत कान मोडून गेलेला, तीस वर्षं तालमीत पोरं घडवलेला वस्ताद. तो बोलतो तेव्हा समोरच्या घरातली माणसंही ऐकतात. आज मात्र आवाज खाली होता.

"हे बघ की जरा," तो म्हणाला. "ह्याला काय झालंय?"

कुंडीत मोगरा होता. प्रत्येक पान कडेनं तपकिरी झालेलं, जणू कुणी निवांत बसून उदबत्तीनं डागत गेलंय. टोकाकडून सुरुवात आणि तिथून आत. कळ्या धरल्या होत्या, पण उमलायच्या आधीच काळ्या पडल्या होत्या. माती मात्र ओली होती. माती ओली आणि झाड वाळलेलं, हे मला विचित्र वाटलं.

"कुणाचा हा?"

"नजीराभाभीचा."

मी खालीच बसले.

नजीराचाची आमच्या शेजारी राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. लेकीच्या, नुजहतच्या बाळंतपणासाठी त्या हैदराबादला गेल्या होत्या. जाताना घराची किल्ली आणि हा मोगरा मामाकडं दिला होता. त्यांच्या आईच्या मिरजेतल्या अंगणात मोगऱ्याचं जुनं झुडूप होतं. चाचींनी लग्नानंतर तिथून दाब कलम करून हे रोप आणलं. म्हणजे फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की मूळ झाडापासून तोडायची. पुढं मिरजेचं घर विकलं गेलं, तिथं इमारत झाली, झुडूप गेलं. आता त्या झाडाचं जगात उरलेलं एवढंच. या वेळी नुजहत बाळाला घेऊन माहेरी येणार होती, आणि परत जाताना तिला याचं एक कलम बांधून द्यायचं, असं चाचींनी जाहीर केलं होतं. निघताना त्या मामाला म्हणाल्या होत्या, "वस्ताद, घर राहू दे, चोर काय नेणार आमचं? एवढा मोगरा सांभाळा."

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी काय वाईट केलं का त्याचं?" मामा एकदम तापला. "लई बारीक कुंडीत होता गं. माती बघ कसली, नुसती पांढरी फटक. मला दया आली. मोठी कुंडी आणली, चांगला खुराक दिला."

"खुराक म्हणजे काय काय?"

मामाची मान जरा वर झाली. पैलवानाचा खुराक सांगताना होते तशीच. "कारखान्याची मळी, एक पाटी. कोंबडखत अर्धी पाटी, उचगावच्या पोल्ट्रीतनं मागवलेलं. शेंगदाण्याची पेंड, चांगली चार-पाच ओंजळी. तळाला तालमीतली तांबडी माती, म्हटलं जरा ताकद येईल. आणि ते थंडाईचं भांडं धुतलं की पाणी ह्यालाच. बदाम असत्यात त्यात."

"साधी माती?"

"साधी माती कशापायी? तिच्यात काय असतंय?"

मळी म्हणजे उसाचा रस साफ करताना खाली बसणारा काळा गाळ. आमच्याकडं ते उत्तम खत मानतात, आणि ते आहेच. पण काही महिने ढीग लावून कुजू दिल्यावर.

"मळी जुनी होती ना?"

"ताजी! अजून वाफ निघत होती. म्हटलं, दूध ताजं, अंडी ताजी, मग मळी शिळी कशाला? भरताना हाताला ऊब लागत होती, निशे. मला वाटलं, माती जिवंत हाय."

मला हसू येत होतं आणि हसायची वेळ नव्हती. मामाच्या कपाळावर घाम होता. मोठमोठ्या कुस्त्या हरल्यावरही तो मैदानातून ताठ बाहेर पडायचा, असं आई सांगते. इथं तो एका झुडपासमोर खांदे पाडून बसला होता.

"भाभीला काय तोंड दाखवू?" तो म्हणाला. "परक्याचं पोर सांभाळायला घेतलं आणि हात मोडून परत दिलं, तसं झालं हे."

मी खाली जाऊन पाण्याच्या फिल्टरचा मेकॅनिक वापरतो तसलं क्षार मोजायचं पेन आणलं. ते मी कॉलेजात असताना घेतलं होतं आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक पातेलं मोजून झालं होतं. एका ग्लासात कुंडीतली माती, एकात आमच्या तुळशीतली माती. दोन्हींत फिल्टरचं पाणी सारख्याच मापानं. ढवळलं, गाळ बसू दिला, पेन बुडवलं. तुळशीच्या मातीपेक्षा मोगऱ्याच्या मातीचा आकडा दहापटीहून जास्त आला. मी पेन धुवून पुन्हा मोजलं. तेवढाच.

"काय म्हणतंय?" मामानं विचारलं.

"क्षार फार आहेत."

"मराठीत सांग की."

मी खालून काकडी आणली. चार चकत्या कापल्या, दोन तशाच ठेवल्या, दोनांवर मीठ भुरभुरलं, आणि ताटली मामाच्या मांडीवर दिली. आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळानं मिठाच्या चकत्यांना पाणी सुटलं. मग त्या लुळ्या पडल्या. मामानं एक उचलून वाकवली, ती रबरासारखी वाकली. साधी चकती वाकवली, ती कट्‌कन मोडली.

"मुळाचं असंच होतं," मी म्हटलं. "खतात मीठच असतं एक प्रकारचं. थोडं असलं की मूळ ते पाण्याबरोबर आत घेतं. बाहेर जास्त झालं की उलटं होतं. मुळातलं पाणी बाहेर येतं."

मामानं ताटली तिरकी करून सुटलेलं पाणी एका कडेला आणलं.

"म्हणजे मी ह्याला रोज पाणी पाजतोय," तो सावकाश म्हणाला, "आणि माती ह्याचंच पाणी पितीय?"

"हो. शिवाय ताजी मळी आणि पेंड कुजताना तापतात. ती ऊब तुला लागली ना, ती मुळांनाही लागली. कोंबडखताचा अमोनिया वेगळाच."

"आयला." त्यानं काकडीची चकती तोंडात टाकली. मग स्वतःवरच चिडून म्हणाला, "तालमीत नवीन पोरगं आलं की मी त्याला पहिल्या दिवशी तूप-बदाम देतो का? घरचं बाळसं बेताचं, आतडं नाजूक. आधी दूध-भाकरी, मग जोर, मग भूक लागली की वाढवत न्यायचं. न्हाय पचलं की आमांश. आणि ह्या आजाऱ्याला मी पहिल्याच दिवशी हिंदकेसरीचं ताट वाढलं."

"आजारी नव्हता तो. बारीक होता."

"माझ्या डोळ्याला सगळी बारीक पोरं आजारीच दिसत्यात."

आता आत काय उरलंय ते बघायला हवं होतं. आम्ही कुंडी आडवी केली. मी बुंधा धरला, मामानं कुंडीचा तळ थोपटला, माणसाला बडवावं तसा. मातीचा गोळा बाहेर आला आणि गच्चीवर असा वास सुटला की पलीकडच्या गच्चीवरून धोंडुबाई ओरडल्या, "काय मेलंय काय रं तिथं?"

"अजून मेलं न्हाय!" मामा ओरडला. "बघतोय!"

बाहेरच्या बाजूची मुळं तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात यायची, आत नुसता दोरा. मामानं एक ओढलं, दुसरं ओढलं, आणि मग हात मागं घेतला. मी ताजी मळी हळूहळू सोडवत गेले. आत, अगदी मधोमध, जुन्या कुंडीच्या आकाराचा एक घट्ट गोळा होता. पांढरी फटक माती. ती बोटानं उकरली, तर आत मुळं होती. पांढरी, ओली, टोकाला किंचित पिवळसर. एक मोडून पाहिलं, कट्‌कन मोडलं.

"मामा."

"काय?"

"तू कुंडी बदलताना जुनी माती मोकळी केली नव्हतीस?"

त्याचा चेहरा पडला. "करायची असती व्हय? पाय दुखत होता गं. वाकवत न्हवतं. मी हाय तसा गोळा उचलून ठेवला. तेबी चुकलं का?"

"नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "तेवढंच बरोबर केलंस. खुराक बाहेरच राहिला. आतली मुळं वाचली."

मामानं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. त्याच्या छातीचा भाता वर-खाली झाला. मग म्हणाला, "गुडघ्यानं वाचवलं म्हण की. लई शिव्या घातल्या त्याला मी."

पुढचं काम सोपं होतं, पण मामाला ते बघवलं नाही. मेलेली मुळं कापली. गोळ्यावरून साधं पाणी सोडत राहिले, खालून निघणारं पाणी पेनानं मोजत. आकडा तुळशीच्या जवळपास आला तेव्हा थांबले. दुसरी एक लहान कुंडी घेतली. तिच्यात बागेची साधी माती, नदीची जाड वाळू, आणि घरच्या खड्ड्यातलं जुनं, मातीचा वास येणारं खत, तेही एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शाहून कमीच. मग कात्री घेऊन सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटल्या.

"अगं टक्कल केलंस की त्याचं!"

"मुळं निम्मी राहिली. एवढ्या पानांना पाणी कुठून पुरवतील?"

"भाभी बघतील तर काय म्हणतील?"

"काड्या आहेत म्हणतील."

टाकीच्या खाली, सकाळचं कोवळं ऊन येतं तिथं, कुंडी ठेवली. मामाला सक्त ताकीद दिली. माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही आणि नवं पान येईपर्यंत खताचा कणही नाही. मामानं कान धरले. दुसऱ्या दिवशी मी वर गेले, तर तो हातात वाटी घेऊन उभा.

"काय आहे त्यात?"

"ताक हाय. पातळ. अगदी पातळ."

"मामा!"

"बरं बरं. मीच पितो."

नंतर त्यानं खायला घालायचं बंद केलं, पण बघायचं वाढवलं. सकाळी चहाचा कप घेऊन टाकीखाली बादलीवर बसायचा. रोज एका काडीवर नखानं बारीक ओरखडा काढायचा, आतली हिरवी रेघ दिसली की तो डाग बोटानं पुन्हा झाकायचा, जखमेवर हात ठेवावा तसा. मी म्हटलं, असं रोज सोलत राहिलास तर त्यानंच मरेल. मग तेही बंद केलं.

चाची महिनाअखेरीला येणार होत्या. काड्या काड्याच राहिल्या होत्या. एका संध्याकाळी मी वर गेले, तर टाकीखाली दोन कुंड्या. एकीत आमच्या काड्या. दुसरीत चांगला भरलेला, चकचकीत हिरव्या पानांचा मोगरा, चार कळ्यांसकट.

मामा माझ्याकडं न बघता म्हणाला, "शाहूपुरीत नर्सरीत गेलतो. रिक्षानं."

"कशाला?"

"असाच. आवडला म्हणून आणला."

मी काड्यांच्या कुंडीतली माती बोटानं चाचपायला लागले. गप्प राहिलं की मामाला सहन होत नाही.

"भाभीच्या जुन्या कुंडीत बसवला तर कुणाला कळतंय?" तो म्हणाला. "मोगरा तो मोगरा. फुलं तीच, वास तोच. भाभीबी खूश, नुजहतबी खूश. तुझं विज्ञान काय म्हणतं, दोन मोगऱ्यांत फरक असतो का?"

"असतो. पण चाचींना कळेल की नाही, ते मला माहीत नाही."

"मग?"

"मी आपणहून काही सांगणार नाही, मामा. पण त्यांनी मला विचारलं, तर खोटं बोलणार नाही. आणि नुजहतदीदी ते रोप आजीचं समजून हैदराबादला नेईल."

मामा नव्या मोगऱ्याच्या पानावरून अंगठा फिरवत राहिला. "नाव फुलाचं ठेवलंय तुझं," तो पुटपुटला, "पण बोलतीस काट्यासारखी."

चाची ठरल्यापेक्षा आधीच आल्या. सकाळी गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला, पाठोपाठ बाळाचं रडणं, आणि धोंडुबाईंचं "अगं बाई, नाक बघ, सगळं नजीरावर गेलंय!" मी दात घासत होते. तशीच जिन्यानं वर पळाले. मामाला सावध करायला की कुंड्या बघायला, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मामा आधीच वर होता. एका हातात चाचींची जुनी, रिकामी कुंडी, पायाशी शाहूपुरीचा मोगरा. त्यानं तो कुंडीत बसवला नव्हता. नुसता उभा होता.

"बघ," तो म्हणाला, आणि काड्यांकडं बोट केलं.

काड्यांवर काहीच नव्हतं. पण खाली, बुंध्याला लागून, मातीतून एक कोंब वर आला होता. करंगळीच्या पेराएवढा. टोकाला दोन पानं, अजून मिटलेली, हिरव्यापेक्षा जांभळटच जास्त. काल संध्याकाळी मी पाणी घातलं तेव्हा तिथं मातीचा नुसता फुगीर तडा होता. मला वाटलं होतं, गांडूळ असेल.

मी मामाच्या दंडावर एक चापट मारली आणि तो नुसता हसत राहिला.

"वस्ताद! कुठं आहात?" चाची जिना चढत वर येत होत्या. मागं नुजहत, बाळ खांद्यावर घेऊन. "किल्ली राहू द्या, आधी मोगरा दाखवा. हिला गाडीत सगळा रस्ता त्याचंच सांगत आलेय."

चाची वर आल्या. त्यांची नजर आधी चकचकीत मोगऱ्यावर गेली आणि चेहरा उजळला. मग त्या थबकल्या. खाली वाकून एक कळी हुंगली.

"हा कुणाचा?"

मामानं रिकामी कुंडी खाली ठेवली. "विकत आणलाय, भाभी. तुमचा ह्यो." त्यानं काड्या दाखवल्या. "तुमचा मोगरा मी जाळला. खुराक जास्त दिला. हिनं वाचवला."

चाची काड्यांसमोर उकिडव्या बसल्या. नुजहतनं "अम्मी" म्हणून खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला.

"आईच्या हातचं होतं, वस्ताद," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला सांगून गेले होते मी."

"व्हय भाभी."

"मग का हात लावला?"

"बारीक दिसला. मला राहवलं न्हाय."

"मी पण बारीक आहे. मला पण घालणार का कोंबडखत?"

नुजहत फसकन हसली आणि लगेच ओठ चावले. मामा मान खाली घालून उभा होता. मी पुढं होऊन कोंब दाखवला. "चाची, फुटलाय. आज सकाळीच."

त्या जवळ झुकल्या. पण चेहरा हलला नाही. "हा खालून आलाय. मातीतून."

"हो."

"मग हा तो नाही." त्यांचा आवाज एकदम चिरला. "माझ्या गुलाबाचं असंच झालं होतं. वरचा मेला, खालून जोरात फुटला. मी खूश झाले. फुलं आली ती जंगली. पाच पाकळ्यांची. वरचा जातो आणि खाली दुसराच कुणी असतो."

आता मला कळलं, त्या कशाला घाबरल्या होत्या. आणि हे कळताच मला एकदम हलकं वाटलं, कारण या एका प्रश्नाचं उत्तर मला अगदी पक्कं माहीत होतं.

"चाची, गुलाब डोळा भरलेला होता," मी म्हटलं. "खालची मुळं जंगली गुलाबाची, वर दुसरा गुलाब बांधलेला. खालून फुटला की जंगलीच येणार. पण हा तुम्ही कसा केला होता?"

"दाबून. आईनं फांदी वाकवली, वर वीट ठेवली."

"मग याची मुळं त्याच फांदीची आहेत. यात दुसरं कुणी नाहीच. वरून फुटू दे, खालून फुटू दे, मुळापासून शेंड्यापर्यंत हा तुमच्या आईचाच मोगरा आहे."

चाचींनी माझ्याकडं पाहिलं. चूक उत्तराला गुण न देणाऱ्या बाईंनी तपासून घ्यावं, तसं. "नक्की?"

"नक्की."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के चाची. याबाबतीत शंभर."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मामा घाबरून माझ्याकडं बघायला लागला, पण नुजहत म्हणाली, "असू द्या मामा, बरं वाटलंय तिला." आणि खरंच, पदर खाली आला तेव्हा चाची हसत होत्या.

"अम्मी," नुजहत म्हणाली, "वरच्या फांद्या तर वाकल्याच नसत्या एवढ्या. हा खालचा लांब झाला की सरळ शेजारच्या कुंडीत वाकवता येईल. नाही का गं, निशा?"

मी हो म्हटलं. मला ते सुचलंच नव्हतं. जमिनीलगत आलेली फांदी दाब कलमाला सगळ्यांत सोयीची. पावसाळ्यात मुळं धरली तर दिवाळीपर्यंत तोडता येईल.

"दिवाळीत न्यायला येते मग," नुजहत म्हणाली. बाळ आता शांत होऊन मामाच्या मोडक्या कानाकडं टक लावून बघत होतं.

मामानं काड्यांची कुंडी उचलली. "चला भाभी, तुमच्या दारात ठेवून देतो. परत हात लावणार न्हाय."

चाचींनी हात आडवा धरला. "कुठं चाललात घेऊन? मी आता बाळात गुंतणार. तुम्हीच ठेवा."

"माझ्याकडं?"

"जाळलात तुम्ही, वाढवायचाही तुम्हीच."

मामा कुंडी धरून तसाच उभा राहिला. मग दुखरा पाय सांभाळत, फार हळू, तो टाकीखाली गेला आणि कुंडी सावलीत ठेवली. नंतर कोंबाला ऊन कुठून येईल, ते मान वाकडी करून बघायला लागला.

"आणि तो शाहूपुरीचा?" चाचींनी जिना उतरता उतरता विचारलं.

"धोंडुबाईंना देतो," मामा म्हणाला, आणि आवाज पुन्हा समोरच्या घरापर्यंत गेला. "लई दिवस वास सहन केलाय त्यांनी!"